नाशिकरोडला छापलेलं नृत्य

नाशिकरोडला नोटा छापतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाहेरगावचे पाहुणे ठरलेला विनोद करतात, 'येताना एक बंडल उचलून आणायचं की!' आणि आम्ही तो निमूट ऐकून घेतो. नोटांच्या या दबदब्यात टपाल तिकिटं छापणारा थोरला भाऊ मात्र झाकला जातो. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५चा, करन्सी नोट प्रेस १९२८चा. त्याआधी हिंदुस्थानची टपाल तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून बोटीनं यायची. १९२६पासून ती नाशिकच्या छापाची येऊ लागली. रेल्वे स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, भोंग्याच्या तालावर चालणाऱ्या या प्रेसमधून पुढं देशभरच्या पत्रांवर चिकटणारी चित्रं बाहेर पडत राहिली.

त्याच प्रेसमध्ये छापलेल्या सहा नृत्यशैली २० ऑक्टोबर १९७५ रोजी टपाल कचेऱ्यांच्या खिडक्यांवर विक्रीला आल्या. भरतनाट्यम २५ पैशांना, ओडिसी ५० पैशांना, कथक ७५ पैशांना, कथकली १ रुपयाला, कुचिपुडी दीड रुपयाला आणि मणिपुरी २ रुपयांना. माझी भाची कथक शिकते. हा भाव ऐकून ती खो-खो हसली, आणि तिच्या आईनं क्लासच्या फीचा आकडा आठवून एक सुस्कारा सोडला.

मग भाचीनं भिंग उचललं, कथकचं तिकीट बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हिची तिहाई संपलीय, की अजून सुरू व्हायचीय?"

तिकिटं जमवण्यात माझी निम्मी हयात गेली. रंगछटा पाहिल्या, कडेचे दात मोजले, शिक्क्यांवरच्या तारखा वाचल्या. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडायला पायात घुंगरू बांधलेले असावे लागतात. नाच हलतो आणि तिकीट हलत नाही. म्हणजे तिकिटाचं चित्र करणाऱ्यानं त्या सगळ्या हालचालीतला एकच क्षण उचललेला असतो. कोणता, आणि तोच का? चक्कर तर छापता येत नाही. बत्तीस चक्करांचा भोवरा कागदावर आणला तर नुसता धुरळा दिसेल. पण नाचातच थांबण्याच्या जागा असतात. कथकमध्ये ठाट असतो, तेव्हा नर्तिका जवळजवळ स्थिर उभी असते आणि फक्त मनगट, भुवई आणि श्वास चालू असतो. तिहाई, म्हणजे तीनदा येणारा बोल, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर पडते, तेव्हा सगळं अंग क्षणभर खिळून राहतं. तिकिटाला ही समच हवी असते.

ओडिसीची गोष्ट तर याहून गमतीची. गेल्या शतकाच्या मध्याला या शैलीची नव्यानं जुळणी झाली, तेव्हा गुरूंनी परंपरेइतकाच ओडिशाच्या देवळांच्या भिंतींचाही आधार घेतला. दगडात थांबलेल्या नर्तिका पाहून जिवंत अंगांना वळण दिलं गेलं. दगडातली मुद्रा अंगात आली आणि अंगातली मुद्रा कागदावर गेली. ५० पैशांच्या त्या कागदावर हा सगळा प्रवास येऊन थांबला आहे.

सहा तिकिटं समोर मांडली, की भिंग आधी चेहऱ्यावर धरायचा मोह होतो. मी म्हणतो, आधी गुडघे बघा. भरतनाट्यमचा पाया अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले आणि धड ताठ. ओडिसीत एक तर चौरस बैठकीचा चौक, नाही तर मान, कंबर आणि गुडघा तीन ठिकाणी मोडणारा त्रिभंग. कथकचे पाय सरळ, खांबासारखे, कारण सगळा जोर तळव्यांच्या तत्कारात. कथकलीत गुडघे रुंद फाकलेले आणि वजन पावलाच्या बाहेरच्या कडेवर, बघूनच आपले घोटे दुखू लागावेत असं. कुचिपुडीच्या पावलांचा कस लागतो तो तरंगममध्ये, पितळी परातीच्या काठावर उभं राहून नाचताना. आणि मणिपुरी रासात गुडघे दिसतच नाहीत. पोतलोई नावाचा ताठ, नळकांड्यासारखा घागरा पाय पुरते झाकतो, आणि बायकांच्या पायात घुंगरूही नसतात. पाऊल पडलं हे कळूच द्यायचं नाही, हीच तिथली अदब. तिकिटावर कोणती मुद्रा आली आहे हे आपापल्या डोळ्यांनी ताडून पाहावं. क्लासमध्ये चार वर्षं घालवलेल्या मुलीला ते माझ्यापेक्षा लवकर दिसतं, हा माझा अनुभव आहे.

आता तेच भिंग आणखी जवळ न्या. जुन्या तिकिटाचा पदर, ओठ, दागिने हळूहळू विरघळतात आणि उरतात नुसते ठिपके. ही फोटोग्रॅव्हुअर छपाईची खूण. नाशिकला या पद्धतीनं छापलेली पहिली तिकिटं १ ऑक्टोबर १९५२ची. संतकवींचा तो संच होता, कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर. नाचणाऱ्या मुलींच्या तिकिटांच्या वहीत त्यातली दोन आण्यांची मीरा हवीच. मीरेच्या पदांवर अभिनय बसवला नाही असा क्लास सापडणं कठीण.

या छपाईची युक्ती अशी. तांब्याचा थर दिलेला एक मोठा दंडगोल घेतात. चित्राप्रमाणे त्याच्यावर हजारो बारीक खळगे कोरतात. जिथं रंग गडद हवा तिथं खळगा खोल, जिथं फिका हवा तिथं उथळ. दंडगोल शाईतून फिरतो, एक पोलादी पातं वरवरची शाई निपटून काढतं आणि खळग्यात राहिलेली शाई कागद ओढून घेतो. गालावरची सावली म्हणजे खोल खळगे, कपाळावरचा उजेड म्हणजे उथळ. रंगीत तिकिटाला प्रत्येक रंगाचा दंडगोल वेगळा, आणि ते सगळे एकाच जागी, केसाएवढाही फरक न पडता, कागदावर उतरले पाहिजेत. तबला, तोंडानं म्हटलेली पढंत आणि पाय एका मात्रेवर भेटावेत तसे. एखादा रंग घसरला तर ओठांची लाली हनुवटीवर उतरते. क्लासमध्ये सम चुकली की बोलणी बसतात. इथं मात्र रंग चुकलेलं तिकीट हाती लागलं तर संग्राहक आनंदानं घरभर नाचतो.

दंडगोलावरचं चित्र उलटं असतं, आरशातल्यासारखं, म्हणजे कागदावर ते सुलटं उमटतं. नाच शिकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गुरू समोर उभे राहतात, त्यांचा उजवा हात तो आपल्या डोळ्यांना डावीकडे, आणि पहिल्या वर्षातली निम्मी मुलं त्यात हमखास गोंधळतात. गंमत म्हणजे हा गोंधळ खुद्द भारत सरकारच्या तिकिटावरही झालेला आहे. १५ ऑगस्ट १९४९ला प्राचीन शिल्प-स्थापत्याची एक मालिका आली. तिच्यातल्या १ आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती होती आणि ती आरशातल्यासारखी उलटी छापली गेली. उजवं ते डावं झालं. बुद्धमूर्तीत हातांना अर्थ असतो, त्यामुळं ही चूक जाणत्यांच्या डोळ्यांत खुपणारी. १९५०च्या जुलैमध्ये दुरुस्त तिकीट आलं. दोन्ही तिकिटं आजही जुन्या पाकिटांवर सापडतात. शेजारी-शेजारी लावली तर डाव्या-उजव्याचा धडा वेगळा द्यायला नको.

त्याच मालिकेत २ आण्यांना नटराज होता. तो हाती आला की तपासून पाहा. शिव उजव्या पायावर उभा असतो, त्या पायाखाली अपस्मार राक्षस, आणि वर उचललेला, अंगावरून आडवा गेलेला पाय डावा. डावा हातही सोंडेसारखा आडवा, त्या उचललेल्या पायाकडे बोट दाखवणारा. हे सगळं अंगठ्याएवढ्या एकरंगी कागदावर शोधायचं म्हणजे डोळ्यांची तालीमच.

१९७५च्या त्या संचात मोहिनीअट्टम नाही, सत्रियाही नाही. आज शास्त्रीय नृत्यं कोणती असं विचारलं तर परीक्षेला बसलेली मुलगी आठ नावं घडाघडा सांगते. पण सत्रियाला संगीत नाटक अकादमीनं शास्त्रीय म्हणून मान्यता दिली ती २००० साली. तिकीट छापलं जातं तेव्हा त्या दिवशीचं सरकारी मतही छापलं जातं, आणि पुढं मत बदललं तरी कागद बदलत नाही. मला तिकिटांचा हाच गुण सर्वात आवडतो. पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती जुनीला पुसून टाकते, तिकिटाला ती सोय नाही.

खरी मजा पुढंच आहे, जिथं तिकिटावर नाच दिसत नाही पण त्याच्यामागं असतो. १९७८मध्ये उदय शंकर यांच्यावर तिकीट निघालं. कोणत्याही एका घराण्यात रीतसर न शिकलेला हा माणूस १९२३ साली लंडनमध्ये रशियन बॅले नर्तिका अॅना पावलोवाबरोबर राधा-कृष्ण नाचला. पुढं त्यानं अल्मोड्याला कला केंद्र काढलं. या एका तिकिटाला दोरा बांधा आणि ओढत चला. उदय शंकर यांच्या नृत्यपथकात त्यांचा धाकटा भाऊ पोरवयात पॅरिसला जाऊन नाचत होता. तो पुढं सतार घेऊन बसला. पंडित रविशंकर यांचं तिकीट २०१४च्या संगीतकारांच्या संचात आहे. अल्मोड्याच्या केंद्रात शिकलेला एक मुलगा पुण्याच्या प्रभातमध्ये नृत्य दिग्दर्शक म्हणून लागला, 'हम एक हैं'ची नृत्यं त्यानं बसवली आणि मग तो स्वतःच सिनेमे काढू लागला. गुरुदत्त यांचं तिकीट २००४चं. तिन्ही तिकिटं एका पानावर लावली तर त्या पानाला 'उदय शंकर यांच्या तालमीतले' एवढंच नाव पुरे.

आमच्या गावाचा दोरा असाच एका तिकिटाला बांधलेला आहे. दादासाहेब फाळके यांचं तिकीट १९७१चं. जन्म त्र्यंबकेश्वरचा, अखेर नाशिकला, आणि मधल्या काळात हा माणूस सिनेमाकडे वळण्याआधी छापखान्याच्या धंद्यातला. म्हणजे शाई आणि रंगांची जुळणी हा त्यांचा घरचा विषय. 'राजा हरिश्चंद्र'नंतर त्यांनी मुक्काम नाशिकला हलवला आणि १९१३मध्ये इथं 'मोहिनी भस्मासुर' काढला. ही कथाच मुळी नाचाची आहे. मोहिनी नाचते, भस्मासुर तिच्या हालचालींची नक्कल करत जातो आणि शेवटी तिच्यासारखाच हात स्वतःच्या डोक्यावर ठेवतो. नाचातली एक मुद्रा आणि राक्षस भस्म! मोहिनी झाली होती कमलाबाई गोखले, म्हणजे विक्रम गोखले यांच्या आजी. तिची आई दुर्गाबाई कामत हिनंही त्याच चित्रपटात काम केलं होतं. बायकांनी पडद्यावर यायचं नाही अशा काळात मायलेकी नाशिकात येऊन कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. १९१९च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण होऊन नागाच्या फण्यावर चढली. फाळक्यांच्या तिकिटावर ना मोहिनी आहे ना कालिया, पण हे ठाऊक असलेली मुलगी ते तिकीट नृत्याच्या वहीत लावते, आणि मग तिकीट प्रदर्शनातल्या परीक्षकाला तिचं ऐकावं लागतं.

दोन देश मिळून तिकिटं काढतात तेव्हाही नाच उपयोगी पडतो. २००२मध्ये भारत आणि जपाननं एकेक नट दिला, आपला कथकलीचा, त्यांचा काबुकीचा. दोन्हीकडे चेहरा रंगवायला तासन् तास जातात आणि दोन्हीकडे रंगावरून पात्राचा स्वभाव कळतो. कथकलीत सज्जन नायकाला हिरवा पच्चा, काबुकीत शूराला तांबड्या रेघा. २०१०मध्ये मेक्सिकोच्या हाराबे तापातिओशेजारी राजस्थानचं कालबेलिया आलं. २०१८मध्ये आर्मेनियाबरोबरच्या जोडीत आपल्याकडून मणिपुरी होतं. माझ्या मते सगळ्यात चतुर जोडी २०१७ची, रशियाच्या बेरियोज्का नृत्याची आणि राजस्थानच्या भवाईची. बेरियोज्काच्या मुली लांब झग्याखाली इतकी बारीक पावलं टाकतात, की त्या चालत नसून पाण्यावर सरकताहेत असं वाटतं. भवाईत डोक्यावर घड्यांची उतरंड असते. एकीकडे नजर फसवायची, दुसरीकडे घडे सांभाळायचे, पण दोन्हींची गुरुकिल्ली एकच, पाय काहीही करोत, डोकं वरखाली होता कामा नये. ही जोडी ज्यानं लावली त्याला नाच नक्की कळत असणार.

परदेशी नृत्यतिकिटांचं आकर्षण मुलांना लवकर लागतं. अमेरिकेनं २००४मध्ये मार्था ग्रॅहम, बॅलन्शिन, अॅल्विन एली आणि अॅग्नेस डी मिल या चौघा नृत्यरचनाकारांचा संच काढला, तो मिळवण्यासारखा आहे. पण बाजारात बॅलेच्या मुलींची रंगीबेरंगी पाकिटं स्वस्तात मिळतात, त्यांच्यापासून जरा जपून. काही तिकिटं पत्रासाठी नव्हे तर निव्वळ संग्राहकांचे खिसे हलके करायला छापलेली असतात, आणि काही तर ज्या देशाच्या नावानं निघतात त्या देशाच्या टपाल खात्यालाही ठाऊक नसतात. पोस्टातून प्रवास केलेलं, शिक्का बसलेलं पंचवीस पैशांचं भरतनाट्यम मला त्या झगमगाटापेक्षा मोलाचं वाटतं.

नाचणाऱ्या मुलांना एक खास सूचना. आळता लावलेल्या बोटांनी तिकिटाला हात लावू नका. कार्यक्रमाहून आल्यावर उत्साहानं वही उघडली जाते आणि लाल ठसा कायमचा बसतो. हात कोरडे असले तरी बोटांचा घाम डिंकाला लागतोच, म्हणून टोकं बोथट असलेला तिकिटांचा चिमटा वापरा. मी लहानपणी खळ करून सगळी तिकिटं शंभर पानी वहीत घट्ट डकवली होती. त्यात एक नटराजही होता, आणि तो आजही त्या वहीतून सुटलेला नाही. तिकीट चिकटवायचं नसतं. स्टॉकबुकच्या पट्टीत सरकवायचं, नाही तर हिंजच्या कागदी पट्टीवर अलगद टेकवायचं. जुन्या पाकिटावरचं तिकीट काढायचं तर भोवतीचा कागद कापून कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा, सुटलं की टिपकागदावर पालथं वाळवा. आधीच चिकट पाठीची नवी तिकिटं मात्र पाण्याला दाद देत नाहीत, ती कागदासकट कापून ठेवावीत. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात वही आडवी रचून ठेवू नका. दमटपणानं डिंक सुटतो आणि समोरासमोरच्या दोन नर्तिका एकमेकींच्या गळ्यात पडतात, त्या पुन्हा वेगळ्या होत नाहीत.

नवी तिकिटं हवी असतील तर मोठ्या टपाल कार्यालयात फिलाटेलीचं खातं उघडता येतं, २०० रुपयांत. त्या पैशांतून नवी तिकिटं मिळत राहतात. सोबत येणारी माहितीपत्रिका टाकून देऊ नका, कारण तिकीट कुठं छापलं ते तिच्यावर लिहिलेलं असतं. नाशिकचं नाव दिसलं की भाची पानाच्या कोपऱ्यात एक छोटा घुंगरू काढते. सहावी ते नववीच्या मुलांसाठी टपाल खात्याची 'दीनदयाळ स्पर्श' ही शिष्यवृत्तीही आहे, २०१७पासूनची, वर्षाला ६,००० रुपयांची. त्यासाठी प्रश्नमंजूषा असते आणि तिकिटांवर एक प्रकल्प करावा लागतो. नृत्यावरची वही असेल तर प्रकल्प घरातच तयार आहे.

१९७४मध्ये मुखवट्यांची चार तिकिटं निघाली होती, सूर्य, चंद्र, नृसिंह आणि रावण. ती पाहिली की मला आमच्याच जिल्ह्यातला बोहाडा आठवतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर आणि पलीकडे जव्हार-मोखाड्यात रात्रभर संबळाच्या तालावर सोंगं नाचतात. नृसिंह असतो, रावण असतो, मोरावर बसल्यासारखी डुलत येणारी सरस्वती असते. मुखवट्याला डोळ्यांपुरती फट, त्यामुळं नाचणाऱ्याला समोरचं धड दिसतही नाही. पाय जमीन ओळखतात म्हणून निभतं. नाशिकरोडच्या प्रेसपासून ही गावं एसटीनं काही तासांवर आहेत. तिकिटाचा विषय सुचवायला मंत्री किंवा खासदार असावं लागत नाही. कोणीही नागरिक टपाल खात्याकडे प्रस्ताव पाठवू शकतो, आणि फिलाटेलिक सल्लागार समिती त्याचा विचार करते. नाच शिकणाऱ्या मुलामुलींनी या सुट्टीत एक बोहाडा पाहावा, सोंगांची चित्रं काढावीत आणि पत्र लिहावं. पत्ता असा: फिलाटेली विभाग, डाक भवन, संसद मार्ग, नवी दिल्ली ११०००१.